बॅट टाक नि धाव

आखातात, अल घुब्रातल्या आमच्या मैदानावर शुक्रवारी सकाळी चारही बाजूंना क्रिकेट चालायचं, आणि एका कोपऱ्यात हमीदचाचा एकटेच वाकून चुन्याने बेसबॉलची चौकट आखत असायचे. चाचा दापोलीकडचे, एसी मेकॅनिक. तरुणपणी वाळवंटातल्या कॅम्पवर परदेशी साहेबांनी माणूस कमी पडला म्हणून त्यांना खेळायला घेतलं होतं. ते वेड पुढे सुटलं नाही.

मी क्रिकेट टीमचा कॅप्टन. "चाचा, सर्कस कधी सुरू?" असं विचारल्याशिवाय माझा शुक्रवार सुरू होत नसे.

"हस मेल्या, हस. हसणारेच येतात शेवटी," ते म्हणायचे.

आणि खरंच आले की! मध्ये दोन वर्षं फिलिपिनो नर्स, एक जपानी इंजिनियर, मोबाइलवर बेसबॉलच्या मॅच बघून वेडावलेली शाळेतली मुलं, सगळी तिकडे. माझेही चौघं फुटले. जळलो मी, खोटं कशाला बोलू! आमच्या क्रिकेटवाल्यांची खोड मात्र जाईना. चेंडू मारला की बॅट छातीशी धरूनच पळायचे. चाचा ओरडायचे, "बॅट टाक नि धाव! ती काय तुला उचलून नेणार नाय!"

मग इंजिनियर बदलून गेला, नर्स दुसऱ्या देशात गेल्या, मुलांना टी-ट्वेंटीने परत ओढलं. चाचा पुन्हा एकटे. तरी चौकट आखायचेच.

"चाचा, खलास! आता कोण येतंय?"

"आखलेलीच नसली तर येणारा उभा राहील खंय?"

यंदा त्यांचा व्हिसा कॅन्सल झाला. शेवटच्या शुक्रवारी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "एकदा भरल्या मैदानात खेळायचंय रे. जुम्म्याच्या नमाजाआधी अर्धा तास देशील?" इतक्या वर्षांत त्यांनी काही मागितलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. मी मॅच थांबवली आणि दोन्ही टीम चौकटीत उतरवल्या. मी टोला हाणला नि बॅट घेऊनच पळालो. चाचा ओरडत होते, हसत होते, डोळे पुसत होते.

ते दापोलीला परत गेल्यावर महिन्याभराने आमची फायनल होती. एका चेंडूत एक धाव हवी होती. मी चेंडू मारला, बॅट टाकली आणि धावलो. वीतभर कमी पडलो, रनआऊट! बॅट हातात असती तर सहज पोचलो असतो. टीमने माझा उद्धार केला. मी तिथूनच चाचांना सगळं व्हॉइस मेसेजवर सांगितलं.

उत्तर आलं, "हरलास? हरू दे. टाकलीस नां बॅट? आता तू माझ्या टीमचा."

पुढच्या शुक्रवारी मी तासभर आधी मैदानावर गेलो, चुन्याची पिशवी घेऊन.