शरदभाऊंची शेव

शरदभाऊ गेले, हा निरोप आला तेव्हा पलासिया भागातल्या आमच्या छोट्या वाहिनीच्या तांत्रिक कक्षात मी त्यांच्या खुर्चीशेजारी बसले होते. त्या खुर्चीत बसण्याचा धीर महिन्यानंतरही मला झालेला नाही. लिहिण्याचीही सवय नाही. पण एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे...

इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन पंचवीस वर्षे घर सांभाळल्यावर, सत्तेचाळिसाव्या वर्षी मी या कामाला लागले. एचडी चित्र इतके अवजड असते की ते आटवूनच पाठवावे लागते. शरदभाऊंनी ते मला असे समजावले : "ताई, भिंत एकदा दाखवली ना, मग पुन्हा पुन्हा कशाला पाठवायची? जे हललं तेवढंच पाठवा. बाकी समोरच्याकडे आहेच की." प्रत्येक सेटिंग तपासायला मात्र त्यांची एकच चित्रफीत असे : त्यांच्या स्वयंपाकघरातली पोह्यांची ताटली आणि वरून शेव पेरणारा त्यांचा हात. "शेव सुटी दिसली तर पास. लगदा झाला तर पोहे वाया."

नोकरीतल्या पहिल्याच रंगपंचमीला थेट प्रक्षेपणाची सेटिंग मी केली. शेवेची परीक्षा मला मनातून पोरकट वाटे. मी सेटिंग वृत्तनिवेदिकेच्या स्थिर चेहऱ्यावर तपासली. राजवाड्यापाशी गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, पोहोचली, गुलाल उसळला, आणि पडद्यावर माणसांचे नुसते चौकोन झाले. मालक धावत आले. "शरदजी, ये किसने सेट किया?" माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती.

"मैंने," भाऊ म्हणाले. "उम्र हो गई है, भिया." बोलता बोलता त्यांनी बिटरेट, म्हणजे सेकंदाला चित्राची किती माहिती जाऊ द्यायची तो आकडा, वाढवलाही. गुलाल पुन्हा गुलालासारखा उडू लागला.

संध्याकाळी मी म्हटले, मालकांना खरे सांगते. "राहू द्या हो. या वयात मला कोण काढतो? आधी तुमचं पक्कं होऊ द्या." ते पक्के झाले. सांगणे मात्र आज-उद्यावर गेले, आणि भाऊ गेले. मालक वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, म्हणून इथेच लिहिते : ती सेटिंग माझी होती.

आता प्रत्येक प्रक्षेपणाआधी मी ती फीत लावते. तपासणीला आवाज लागत नाही, त्यामुळे तो नेहमी बंदच असे. परवा पहिल्यांदाच सुरू केला. "बस का?" भाऊ विचारतात. कुठूनतरी वहिनी म्हणतात, "अजून थोडी..."

मी बिटरेट किंचित वाढवला.