मातीला तोंड लावलं म्हणून

“शी! तोंड धुऊन ये आधी. आणि इथे बेसिनवर नको, बाहेरच्या नळावर.”

बागकामाच्या टीचर असं म्हणाल्या आणि सतरंजीवर बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. मी फक्त चिमूटभर माती जिभेवर ठेवली होती. मान खाली घालून बाहेर गेले. तोंड धुतलं. वर हातही साबणाने धुतले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्याचा राग आजही येतो, माझाच मला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सीवूड्सच्या त्या सोसायटीत मी झाडलोट करायचे, बागेला पाणी घालायचे. तिथल्या बायकांनी मोकळ्या तुकड्यावर मिळून भाजी लावायचं ठरवलं होतं. शिकवायला दर रविवारी टीचर यायच्या. ट्रकभर काळीभोर माती आली होती. टीचर म्हणाल्या, “काळी म्हणजे कसदार.” बायकांनी वहीत लिहून घेतलं.

आम्ही खाडीकाठचे आगरी. बांध घालून खाऱ्या जमिनीत भात काढणारे. पेरणीआधी माती चाखायची, ही आमच्याकडची रीत. जमीन नवं शहर वसवायला सरकारने घेतली, पण जिभेची सवय कुठे जाते? ती काळी माती म्हणजे खाजणातला, भरतीचं पाणी शिरणाऱ्या जागेतला चिखल होता. कडू-खारट. बाबा सांगायचे, दोन पावसाळे गोडं पाणी मुरलं नाही तर अशा मातीत गवतसुद्धा धरत नाही.

मला कळलं होतं. बोलले नाही. घाबरले. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर माझ्या एकटीच्या कामावर. टीचरना खोटं पाडलं तर दुसऱ्या दिवशी माझा झाडू दुसरीच्या हातात.

मग रोज सकाळी फाटक उघडलं की आधी वाफ्याकडे धावायचे. मेथी वर आली आणि पिवळी पडली. मिरचीची पानं कडेने करपली. वाफ्यावर मिठाचा पांढरा थर धरला. कुणी बघायच्या आत मी तो खराट्याने झाडून टाकायचे. चूक माझी नव्हती, तरी चोरासारखी इकडेतिकडे बघत.

शेवटी सगळी भाजी वाळली, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. “पाणी घातलं नाहीस तू. टीचरची माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

तोंड उघडलं ते माफी मागायलाच, शपथ सांगते. बाहेर आलं ते वेगळंच.

“माती खारी हाय, बाई. मना पयल्याच दिवशी कळलं व्हतं.”

“मग बोलली का नाहीस?” टीचर ओरडल्या.

“तुमी तोंड धुवाला पाठवलंत ना.”

या वेळी कुणी हसलं नाही. मी वाफ्यातली मूठभर माती उचलून टीचरपुढे धरली. “चाखून बघा.” त्या मागे सरकल्या. मग मीच चिमूटभर जिभेवर ठेवली, सगळ्यांच्या देखत.

सेक्रेटरी म्हणाले, “जा, आधी तोंड धुऊन ये.”

“नाय धुनार.”

उद्या काम राहील की नाही ठाऊक नव्हतं. भीती तेव्हा गेली नाही, आजही जात नाही. पण त्या दिवसापासून एक पक्कं केलंय. घाबरायचंच असेल तर बोलून झाल्यावर घाबरायचं.