नकाशातलं कोरं तळं

कादंबरीची पहिली दीडशे पानं मी नकाशाशिवाय लिहिली. राज्य माझ्या मनातलं होतं, त्यामुळे नद्या मला हव्या तिथून निघायच्या आणि हव्या त्या समुद्राला मिळायच्या. मग एकदा मागची पानं चाळताना दिसलं, की माझा दूत उत्तरेच्या किल्ल्यातून राजधानीला एका प्रकरणात तीन दिवसांत पोचतो आणि पुढच्या प्रकरणात त्याच वाटेनं त्याला अकरा दिवस लागतात. त्यानंतर एक ओळही सुचेना.

आम्ही तेव्हा औरंगाबादेत, बीड बायपासच्या पलीकडे नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. आजूबाजूला रोज एक नवी इमारत उठत होती आणि बोअर एकेक करून आटत होत्या. नवरा वाळूजला कारखान्यात, मी विमा कचेरीत. घरी आले की टँकर आला का, खाली कोण थांबणार, यातच संध्याकाळ संपायची. लिहायला बसले आणि लांबून हॉर्न वाजला, की मी उठून गॅलरीत जायचे. बहुतेक वेळा तो टँकर दुसऱ्याच इमारतीचा असायचा. त्या उन्हाळ्यांत एका जागी दहा मिनिटं बसणं मला जमलं नाही.

एका मैत्रिणीनं तिच्या मामांचं नाव सुचवलं. सरकारी खात्यात धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त होऊन सिडकोत राहत होते, आणि हाताला काम नसल्यामुळे वैतागले होते. एका रविवारी मी माझं वेडंवाकडं चित्र घेऊन गेले. काल्पनिक राज्याचा नकाशा हवाय हे सांगताना मला संकोच वाटत होता. त्यांना तो मुळीच वाटला नाही. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "पाऊस कोणत्या बाजूनं येतो इथं?"

मी त्याचा विचारच केला नव्हता. पश्चिमेकडून, असं सांगून टाकलं.

"मग तुमची राजधानी डोंगराच्या पाठीमागं पडली. तिथं पाऊस कमीच. म्हणजे आपल्यासारखीच गत." मग त्यांनी माझ्या मोठ्या नदीवर पेन्सिल टेकवली. "आन् ही नदी मधीच फुटून दोन समुद्रांना कशी जाईल, ताई? नद्या एकमेकींना येऊन मिळतात."

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागले आणि त्यांना काका म्हणू लागले. त्यांनी आधी डोंगर बसवले, मग उंची, मग उतार, आणि उतारानं नेलं तिकडं नद्या. राजधानी दोन बोटं सरकली. दूताचा प्रवास आठ दिवसांवर आला आणि तिथंच राहिला. मला बरं वाटायचं आणि रागही यायचा, कारण माझं राज्य माझ्या हातातून जात होतं आणि आधीपेक्षा खरं होत होतं.

अडलं ते तळ्यापाशी. माझ्या गोष्टीतला पहिला राजा नदी अडवून राज्याच्या मधोमध मोठं सरोवर करतो. त्याच्या कौतुकाचा एक परिच्छेद मी लिहिला होता, फार सुंदर झालाय असं मला वाटायचं. काकांनी सगळा नकाशा शाईनं पुरा केला, पण सरोवराची जागा कोरी ठेवली. दोन रविवार मी वाट पाहिली. तिसऱ्या रविवारी जरा तोडूनच विचारलं.

"तळं काढता येतं मला," ते म्हणाले. "जन्मभर तेच काढलं. आधी सांगा, याच्याखाली कोण राहत होतं?"

कुणी नाही, म्हटलं, हे सगळं मनातलं आहे.

"नदीकाठची सपाट काळी जमीन दाखवलीय तुम्हीच. आन् तिथं माणूस नाय?"

मी कागद गोळा केले आणि निघून आले. एका मुलीनं मला कॉम्प्युटरवर आठवड्याभरात दुसरा नकाशा करून दिला. सोनेरी काठ, निळंशार सरोवर, कोपऱ्यात शिडाचं जहाज. मी तो टेबलासमोर चिकटवला आणि तीन आठवडे त्याच्यासमोर येरझाऱ्या घातल्या. त्या निळ्या रंगाकडे पाहिलं की काकांचा प्रश्न आठवायचा. शेवटी परत गेले.

ते रागावले नाहीत. येत्या रविवारी गंगापूरला येता का, एवढंच विचारलं.

आम्ही एसटीनं गंगापूरला गेलो, तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गोदावरीकडे. धरणाचं पाणी त्या वर्षी फार मागं हटलं होतं. चालत पुढं गेलो तसा भेगाळलेला गाळ लागला आणि त्यात घरांची जोती दिसायला लागली. एक उंबरा, जनावरांची दगडी डोण, अर्धी बुजलेली विहीर. काका त्यातून असे वळणं घेत चालले होते, जणू दोन्ही बाजूंना भिंती उभ्या आहेत.

हे त्यांच्या थोरल्या बहिणीचं सासर. ते नोकरीत नवे असताना एक कागद त्यांच्या टेबलावर आला. पाणी कुठवर चढणार ती रेघ पेन्सिलीनं आखलेली होती, ती त्यांनी शाईनं पक्की करायची होती. बहिणीचं गाव रेघेच्या आत होतं. बाहेर बोलायचं नाही, अशी साहेबांची ताकीद होती. नोकरी नवी, घरात कमावणारे ते एकटेच. त्यांनी रेघ ओढली. राखीला बहीण आली, नव्या घराचा पाया खणलाय म्हणून आनंदानं सांगत होती. ते ऐकत राहिले आणि काही बोलले नाहीत.

"पुढं नोटीस आली तव्हा तिनं विचारलं, तुला ठाव होतं का. मी व्हय म्हणालो. भांडली नाय. येत-जात राहिली. पण त्यानंतर मनातलं असं काही माझ्याशी बोलली नाय. मरेपर्यंत."

मी विचारलं, बाजार कुठं भरायचा? त्यांनी हात करून दाखवलं. मग शाळा कुठं, वेस कुठं, हे मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. उन्हानं डोकं तापलं तरी आम्ही निघेना.

त्या आठवड्यात मी दीडशेपैकी शंभरावर पानं बाजूला काढली. नवी गोष्ट तळ्याखालच्या गावापासून सुरू झाली, आणि तिच्यात राजाच्या दरबारातला एक नकाशा काढणारा आला, ज्याला सगळं आधी कळतं. काकांची परवानगी मागितली. नाव घालू नका, माझंही नको आणि तिचंही, असं ते म्हणाले. मग त्यांनी सरोवर काढलं, फिक्या रंगात, आणि त्याच्याखाली बारीक तुटक रेघांनी गल्ल्या, विहीर, वेस. खात्याच्या नकाशात असं चाललं नसतं, तुमच्यात चालेल, असं म्हणून त्यांनी पेन धुवायला घेतलं.

पुस्तक निघायला पुढं दोन वर्षं गेली. प्रकाशकांनी नकाशा एका पानात बसवला आणि तुटक रेघा जवळजवळ पुसल्या गेल्या. मी भांडले, पत्रं लिहिली, उपयोग झाला नाही. काकांनी भिंग लावून पान पाहिलं आणि गल्ल्या गेल्या, एवढंच म्हणाले. मूळ कागद त्यांनी स्वतःजवळ ठेवला होता. पुढं ते मुलीकडे नाशिकला गेले, तेव्हा तो गुंडाळून बरोबर घेऊन गेले. मला देता का, असं विचारायचं दोनदा तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.