रॉटरडॅमला गेलेल्या शुभेच्छा

फाँग सुकहान एकोणीस वर्षं रोज दुपारी तीनला, जेवणाचा डबा धुऊन झाला की, लोकांना सुप्रभात म्हणायची. यात काही विनोद आहे असं तिला कधी वाटलं नाही. रानहंस ही चिनी भाषेतली उपग्रह वाहिनी. ऑफिस हाँगकाँगमधल्या हुंग होमला, एका बंद पडलेल्या विगच्या कारखान्याच्या आठव्या मजल्यावर. वाहिन्या तीन: एक घरची, एक युरोपची, एक अमेरिकेची. दोन कार्यक्रमांच्या मधली जी जागा असते, ती सुकहानची. तिथे ती वेळ सांगायची, पुढे काय लागणार ते सांगायची आणि चहा घ्या असं सुचवायची. चेहरा दिसत नसे. तिकडच्या खाणावळींत, लाँड्र्यांत, जहाजांवरच्या भटारखान्यांत तिचा आवाज ओळखणारे लाखभर लोक तरी असतील; बसमध्ये तिला कोणी जागा देत नसे.

तिचा थोरला भाऊ विंगकेई तीस वर्षांपूर्वी रॉटरडॅमला भांडी घासायला गेला आणि आता स्वतःच्या खाणावळीत दुसऱ्यांकडून घासून घेत होता. त्याने छपरावर तबकडी बसवून घेतली होती आणि युरोपची वाहिनी दिवसभर चालू ठेवायचा. "ही माझी बहीण," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "कुठेय?" म्हणून ते पडद्याकडे बघायचे. "बघताय काय? ऐका!"

दर रविवारी त्याचा फोन यायचा. फोनवर बोलायचे या घराण्याचे नियम होते. चांगलं असेल ते लगेच सांगायचं, वाईट असेल ते निस्तरल्यावर, आणि फारच वाईट असेल तर सण उलटल्यावर. विंगकेईची दोन बोटं सुरीखाली गेली, हे आईला चार वर्षांनी एका फोटोवरून कळलं. वडिलांचं पोट फाडलं होतं, हे त्याला वडील हिंडूफिरू लागल्यावर कळलं. कोणी रागावलं नाही. माया म्हणतात ती हीच, अशी सगळ्यांची समजूत होती. शिवाय ती स्वस्तही पडायची, कारण परदेशी फोनला मिनिटाप्रमाणे आकार असे.

वर्षातून एकदा मात्र सुकहान पडद्यावर दिसायची. चिनी नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी वाहिनीचे आठ जण लाल कपडे घालून ओळीत उभे राहायचे आणि मुठी जुळवून जगभरच्या चिनी माणसांना शुभेच्छा द्यायचे. मागच्या घड्याळात बाराला दहा कमी असायचे. बघणाऱ्यांना वाटे, हे आत्ता चाललंय. खरं तर ते तीन आठवडे आधीचं असायचं आणि ते घड्याळ सुताराने केलेलं होतं.

त्या वर्षी ध्वनिमुद्रण आणि चित्रण उरकलं, आणि पाचव्या दिवशी सुकहानची आई न्हाणीघरात पडली. वय ब्याऐंशी. कमरेचं हाड मोडलं, मग छातीत कफ साचला. कोवळ्या वयाचा डॉक्टर सुकहानला बाजूला घेऊन म्हणाला, "सण निघेल. त्यापुढचं मी सांगत नाही."

आईला न सांगताच कळलं होतं. "केईला कळवायचं नाही," ती म्हणाली. "सणाच्या तोंडावर त्याच्या गल्ल्यावर गर्दी असते. शपथ घे."

"आई, अगं पण..."

"घे म्हणते ना! नाहीतर तुझ्याशी बोलणार नाही मी."

ही धमकी लवकरच आपोआप खरी होणार हे दोघींना ठाऊक होतं. सुकहानने शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला आईने पहिला प्रश्न केला, "केई येतोय का?"

"तूच म्हणालीस ना, सांगायचं नाही?"

"सांगायचं नाही म्हटलं. येऊ नको असं कुठे म्हटलं?"

रविवारी फोन आला.

"आईला दे."

"शेजारी माजाँग खेळायला गेलीय."

"गेल्या रविवारीही तिथेच होती."

"जिंकतेय ना, उठवत नाही तिला."

"हान, तू फोनवर कसं बोलतेस सांगू? पगार घेऊन बोलतेस तसं."

"दादा, खरंच..."

"राहू दे. फोनवर तुला विचारण्यात अर्थ नाही. सणाच्या संध्याकाळी तुला टीव्हीवर बघतो. घरावर सावट असताना लाल घालून जगाला शुभेच्छा देण्याइतकी तू निगरगट्ट नाहीस. दिसलीस, तर घरी सगळं बरं आहे. मग मी वसंतात येईन, बाबांची कबर झाडायला. नाही दिसलीस, तर मिळेल ते विमान."

फोन ठेवला तेव्हा सुकहानला कित्येक दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं. तोंडातून एक शब्द न काढता सगळं सांगायची सोय झाली होती. शपथ जिभेची होती, चेहऱ्याची नव्हती.

सोमवारी ती निर्माता यिपच्या खोलीत गेली. यिप उकडलेले शेंगदाणे खात टेपांवर चिठ्ठ्या चिकटवत होता.

"मला शुभेच्छांतून काढा."

"का? जाड दिसतेस म्हणून? ताई, सगळेच दिसतात. कॅमेरा जुना आहे."

"काढा म्हणते ना."

"कारण?"

सणाच्या आठ दिवस आधी दुसऱ्याच्या खोलीत आजार आणि मरण असे शब्द सांडायचे नसतात. "घरचं आहे," सुकहान म्हणाली.

यिपने शेंगदाणे बाजूला सारले. घरचं म्हटल्यावर पुढे विचारायचं नसतं, एवढं तोही शिकला होता. तरी कुरकुरला, "आठातून एक काढला की उरतात सात. सात पदार्थ कुठल्या जेवणात वाढतात, माहितीये ना?"

"स्मशानातून परतल्यावर."

"मग! लोक पत्रं पाठवतील मला." त्याने कपाळ चोळलं. "बरं, हवामानवाल्याला उभा करतो तुझ्या जागी. तुझा लाल कोट त्याला होईल का?"

"नाही होणार."

"नाही झाला तर मागून पिना लावू. मागून कोण बघतंय?"

हवामानवाला उभा राहिला, टेप बदलली, आणि सुकहान निर्धास्त झाली. एकोणीस वर्षं तीन घड्याळांसमोर बसलेली बाई. सणाच्या कार्यक्रमाच्या तीन टेपा निघतात, युरोपची आणि अमेरिकेची विमानाने आधीच रवाना होतात, म्हणजे तिकडच्यांना आपल्या जाहिराती मध्ये घालता येतात, हे तिला स्वतःच्या पत्त्याइतकं पाठ होतं. त्या दिवशी ते तिच्या डोक्यात आलं नाही. तिला आपलं घर दिसत होतं, आणि घरात टीव्ही एकच होता.

सणाच्या संध्याकाळी रुग्णालयाने भेटीची वेळ वाढवून दिली. वॉर्डातल्या टीव्हीवर आठ जण ओळीत उभे राहिले. आईला सुकहानच्या वाहिनीची उत्तरेकडची चिनी निम्मी कळायची नाही. ती एकोणीस वर्षं मुलीचा फक्त सूर ऐकत आली होती. तिने बोट उचलून एकेकाला मोजलं.

"तुझ्या जागी तो टकल्या कोण?"

"हवामान सांगतो."

"आणि तू?"

"मी नाही यंदा. दादा म्हणाला होता, मी दिसले नाही तर तो निघेल."

आईने बोट खाली घेतलं. मग तिचा चेहरा असा काही झाला, की सुकहानला ती नवरी असतानाचा फोटो आठवला. "पोरी, तू शपथही मोडली नाहीस," ती म्हणाली. "बापावर गेलीस. मासा आणून ठेव. त्याला शेपटीकडचा लागतो."

सुकहान बाजार बंद व्हायच्या आत जाऊन मासा घेऊन आली.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी सातला फोन वाजला. ती घरी फोनपाशीच बसली होती.

"दादा, कधीचं विमान?"

"कसलं विमान? अगं, पाहिलं तुला!" मागे हशा आणि भांड्यांचा आवाज होता, तिकडे मध्यरात्र होत होती आणि गिऱ्हाइकं उठत नव्हती. "डावीकडून तिसरी. सगळ्यांना दाखवलं, ही बघा, आता नुसती ऐकू नका. लाल शोभतं गं तुला. मी उगाच घाबरलो होतो. आई कुठेय?"

"झोपलीय," सुकहान म्हणाली. ते खरं होतं.

"झोपू दे. वसंतात येतो म्हणून सांग. आणि आज पहिला दिवस, वाकडं बोलू नकोस हं!"

ती बोलली नाही. तोंड उघडलं होतं, पण एकोणीस वर्षांची सवय अशी, की समोरून "संपलं" असा सूर आला की तिचा माइक बंद व्हायचा.

रुग्णालयात आई उशीला टेकून बसली होती. नर्सने तिचे केस विंचरले होते. "निघाला?"

सुकहानने चादर सारखी केली. "निघाला."

"कधी पोचेल?"

"तिकडे बर्फ पडलंय, आई. विमानं उशिरा सुटतायत."

दुसऱ्या दिवशीही बर्फ पडलं. आईने दात लावून मागितले. दार वाजलं की ती मान वळवायची. आत यायची ती चहावाली. "या केईचं नेहमीचंच," ती चहावालीला म्हणाली, "जन्मालाही दोन आठवडे उशिरा आला." तिसऱ्या दिवशी कोणाकडे जायचं नसतं, गेलं तर वर्षभर भांडणं होतात म्हणतात. सुकहान घरी आली आणि फोनसमोर बसली. दुपारी तिने शपथ मोडली. विंगकेईने कसलाही प्रश्न विचारला नाही. फोन ठेवायच्या आधी एकदाच म्हणाला, "पण तू लाल घातलं होतंस." तिने टेपांचं सांगितलं. ते सांगताना तिचंच बोलणं तिला एखाद्या ऑफिसच्या परिपत्रकासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी आई गेली. पाचव्या दिवशी संध्याकाळी विंगकेई उतरला.

सण संपेपर्यंत अंत्यविधी होत नाहीत. बारा दिवस बहीण-भाऊ एका घरात राहिले. त्याने गळका नळ बदलला, तिने शपथेबद्दल दोनदा सांगितलं. तो दोन्हीदा "हं" म्हणाला. अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी ते मंडपात आईच्या तसबिरीखाली सोनेरी कागदाच्या वड्या दुमडत बसले होते, परलोकातल्या खर्चासाठी तिच्याबरोबर जाळायला. विंगकेईला तीन बोटांनी घडी नीट घालता येत नव्हती. सुकहान त्याच्या वड्या हळूच सरळ करून पोत्यात टाकत होती. यिप येऊन तीनदा वाकून गेला. पोतं अर्ध्यावर आलं.

"एक विचारू?" विंगकेई कागदाकडे बघतच म्हणाला. "शेवटी शेवटी... शुद्ध नसेल ना तिला? म्हणजे, मी नाही हे कळत नसेल."

इथे काय बोलायचं हे त्या घराण्यातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. उत्तर त्याने हातात आणून ठेवलं होतं. तिने फक्त मान हलवायची होती. पण सुकहानला बारा दिवस एकच गोष्ट छळत होती. आपण त्याच्याशी खरं बोललो असतो तर, ही. तिने ठरवून टाकलं होतं, की याच्याशी पुन्हा कधी खोटं बोलायचं नाही.

"पूर्ण शुद्ध होती," ती म्हणाली. "तू निघालायस असं मी तिला सांगितलं होतं. दार वाजलं की बघायची. शेवटच्या दिवशी केस विंचरून मागितले, केई घाबरेल म्हणाली."

विंगकेईने हातातली वडी अर्धी दुमडून तशीच खाली ठेवली. बाहेर दुसऱ्या कोणाच्या तरी मंडपात झांजा सुरू झाल्या होत्या.

"हान," तो म्हणाला, "हे तरी खोटं सांगायचं होतंस."