छत्री मिटणारा माणूस

माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात इतका परोपकारी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याने आजवर नक्की किती मुडदे पाडले तेही मला अजून नीट कळलेलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल कशा खऱ्या असू शकतात, हे सांगायचं तर आधी माझी फजिती सांगावी लागेल. ती सांगायला मला आता लाज वाटत नाही. लाज वाटण्याचं वय होतं तेव्हा याहून मोठ्या फजित्या करून ठेवल्यात.

तो आमच्याकडे आला तो माझ्या नातीबरोबर. माझी लेक, म्हणजे सईची आई, जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. सईचे बाबा बोटीवर, एकदा गेले की सहा-सहा महिने पाण्यावर, म्हणून अकरावीला सई माझ्याकडे रत्नागिरीला आली. येताना दोन बॅगा. एकीत कपडे आणि दुसरीत हा. म्हणजे याची आठ जाडजूड पुस्तकं, आणि गुंडाळी करून आणलेलं याचं एक पुरुषभर उंचीचं चित्र, जे तिने आल्या दिवशीच माझ्या देव्हाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर चिकटवलं. जपानी चित्रकथा, मांगा म्हणतात त्यांना. त्याचं खरं नाव सईने मला दोनदा सांगितलं, पण ते माझ्या कवळीला झेपेना, म्हणून मी आपलं छत्रीवाला म्हणायला लागले. भर मे महिन्यातही घोट्यापर्यंत काळा कोट, पांढरेशुभ्र केस एका डोळ्यावर आलेले, जन्मात तेल न लागलेले, आणि हातात सदैव एक कागदी छत्री. दिवेलागणीला देवांना ओवाळून मागे वळलं की हा समोर उभा. त्याला तसाच टाकून जाणं बरं दिसेना, म्हणून निरांजन त्याच्यासमोरूनही एकदा फिरवायला लागले.

सई माझ्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, पण तिच्याकडे तीनच शब्द उरले होते. ‘हं’, ‘नको’ आणि ‘ठेव तिथे’. ताट घेऊन खोलीत जायची आणि अर्धं जेवण परत यायचं. मात्र बंद दारामागून मला कधीकधी पानं उलटल्याचा आवाज यायचा आणि मध्येच ती त्याला हलक्या आवाजात काहीतरी म्हणायची. घरातलं माणूस ज्या एकट्याशी बोलतं त्याच्याशी आपली ओळख असावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती कॉलेजला गेली की दुपारी मी तिच्या खोलीत जायचे आणि गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक काढून, चष्मा पुसून, बसायचे.

पहिल्याच पानावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत थांबा म्हणून लिहिलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत बरंच काही. माझ्या शुगरच्या गोळ्यांबरोबर येणाऱ्या कागदावरही तसंच असतं. तो मी कधी वाचला नाही आणि मला काही झालं नाही. पुढे गेले. माझं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं, तेव्हा भर चित्रांवरच. बोलणी जेवढी कळली त्यात आधी उत्तर यायचं आणि नंतर प्रश्न, पण आमच्या ह्यांच्याबरोबर एक्केचाळीस वर्षं संसार केल्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि काय सांगू त्याचे गुण. कुठल्यातरी घरात राखेचा ढीग पडलेला असायचा. हा तिथे, त्या ढिगावर छत्री धरून शांत उभा. मग राखेत हात दिसायचा, मग खांदा, मग अख्खं माणूस उभं राहायचं, आधी घाबरलेलं, मग हळूहळू हसरं. माणूस पुरा झाला की हा छत्री मिटायचा. बूट दाराशी कसे काढून ठेवलेले, दोन्ही टाचा जुळवून. कुणाच्या घरात बुटासकट शिरला नाही कधी. शेवटी बूट पायात घालून उंबऱ्यात उभा राहायचा, घरातल्या माणसांकडे एकदा बघायचा, की पुढच्या चित्रात रस्त्याला लागलेला. चहालाही थांबायचा नाही. आभार मानून घ्यायची सवयच नाही. मी मनात म्हणायचे, अरे बाबा, एवढं मेलेलं माणूस उठवलंस, निदान गूळपाणी तरी घे.

अशी आठ पुस्तकं संपली. गठ्ठा संपत आला तसा हा वयाने लहान होत गेला. कोट गेला, केस काळे झाले, छत्री गेली, आणि सगळ्यांत खालच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तर पाच-सहा वर्षांचा पोर होऊन आईच्या मांडीवर बसलेला, ती त्याला भात भरवतेय. मला भरून आलं. इतकी पुण्याई केल्यावर माणसाला आई परत मिळाली, गोष्ट असावी तर अशी.

माझं असं काळ्या कपड्यांना भुलणं नवं नाही, हेही कबूल करते. आमचं माहेर हेदवीकडचं. शिमग्यात दारोदार नाचत नमनाचा खेळ यायचा, त्यात संकासुराचं सोंग. काळा पोशाख, डोक्याला उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. देवाने मारलेला असुर तो, तरी आमच्याकडच्या बाया नवसाची पोरं त्याच्याच हातात देतात. पंधराव्या वर्षी मी ठरवून टाकलं होतं की लग्न करीन तर या संकासुराशी. कसा बघतोय माझ्याकडे, कशी घुंगरं वाजवतोय, असं मला रात्रभर वाटलेलं. मुखवट्यातून त्याला समोरचा खांबही दिसत नव्हता हे नंतर कळलं. शिमगा संपल्यावर पोलकं आणायला शिंप्याकडे गेले तर त्याच्या खुंटीला तीच दाढी लटकत होती. संकासुर म्हणाला, “बाह्या परत चुकल्या गो, पुढच्या सोमवारी ये.” मी घरी येऊन दोन दिवस जेवले नाही. पण आईला काय सांगणार, बाह्यांचं सांगितलं.

तर एका संध्याकाळी बांगड्याचं तिखलं केलं होतं. सई ताट उचलून निघाली, तशी मी म्हटलं, “तुझा तो छत्रीवाला फार गुणाचा हां. मला आवडला.”

ती थांबली. “तू वाचलंस?”

“आठही.”

“आजी, तो व्हिलन आहे.”

“काहीतरीच बोलू नको. मेलेली माणसं उठवतो तो.”

“उठवतो? आजी, तो मारतो. ज्याच्यावर छत्रीची सावली पडते त्याची राख होते. अख्खी गावं संपवलीत त्याने.”

“मी काय आंधळी आहे? आधी राख असते, मग माणूस होतं. छत्री मिटतो आणि बूट घालून जातो बिचारा.”

सई ताट खाली ठेवून म्हणाली, “पुस्तक कुठून उघडलंस?”

“कुठून म्हणजे? डावीकडून. गठ्ठ्यातलं वरचं आधी.”

“ते उजवीकडून वाचतात गं. तू उघडलंस त्या पानावर ‘थांबा’ म्हणून तेच लिहिलंय. आणि एक नंबर तळाला होता.” एवढं म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता जमिनीवर बसली, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी, तरी थांबेना. “चहालाही थांबत नाही,” मी म्हटलं, तर आणखीच. कितीतरी महिन्यांनी त्या घरात कुणीतरी हसत होतं. मी आपली तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिले. तेवढ्यात मला ते शेवटचं पान आठवलं, आणि न विचारता राहवलं असतं तर मी मी कसली.

“मग गो, त्याची आई?”

सईचं हसू थांबलं. “ती पहिल्याच पुस्तकात जाते. तिसऱ्या पानावर. त्याच्यानंतरच तो असा होतो.” बोटाने ताटातला भात सारखा करत बसली. मग म्हणाली, “तुझ्या बाजूने त्याला ती परत मिळाली, ना?”

“मिळाली. भात भरवत होती.”

त्या दिवशी ती माझ्यासमोर बसून जेवली. ताट पुरं केलं. आणि मग आईबद्दल बोलली, पहिल्यांदा. आई भात भरवताना चिमणीचा घास कधीच म्हणायची नाही, बोटीचा घास म्हणायची, बाबा बोटीवर होते म्हणून. माझ्याच लेकीची ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

पुढे सईने मला आठही पुस्तकं उजवीकडून नीट वाचून दाखवली. ती मला मुळीच आवडली नाहीत. पण निरांजन मी थांबवलं नाही. सई म्हणायची, “खुन्याला ओवाळतेस?” मी म्हणायचे, “आम्ही पोरं देतो असुराच्या हातात, ओवाळण्याचं काय घेऊन बसलीस.”

बारावीची परीक्षा झाली आणि नववं, शेवटचं पुस्तक कुरिअरने आलं. त्यात तो मरतो, त्याच्याच छत्रीची सावली त्याच्यावर पडते, हे तिला मोबाईलवर आधीच कळलेलं. पाकीट चार दिवस फ्रिजवर तसंच पडून राहिलं. येता-जाता ती त्याच्याकडे बघायची आणि ताट घेऊन परत खोलीत जायला लागली. जूनमध्ये ती पुण्याला शिकायला जाणार होती. हे पाकीट न उघडता ती गेली, तर ते तिच्याबरोबर कुठेकुठे जाईल, याची मला धास्ती लागली.

पाचव्या दिवशी दुपारी पाकीट घेऊन माझ्याजवळ आली. “आजी, तू वाच. तुझ्या बाजूने.”

आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून पडली. मी चष्मा पुसला आणि डावीकडून उघडलं.

“राख आहे,” मी म्हटलं. “छत्री वर उघडी. शेजारी बूट, टाचा जुळवून.”

“हं.”

“आता हात दिसतोय. केस. तेल नाहीच लावलेलं. उठला बघ.”

मी तिच्या केसांतून हात फिरवत पानं उलटत राहिले. डोळे न उघडताच ती म्हणाली, “मग?”

“मग काय. छत्री मिटली, बूट घातले, उंबऱ्यातून एकदा बघितलं. निघाला.”

“कुठे निघाला?”

“आईकडे,” मी म्हटलं. “अजून आठ पुस्तकं चालायचंय त्याला.”

आता सई पुण्यात असते. पुस्तकं नऊच्या नऊ माझ्याकडे ठेवून गेली, गठ्ठा करून, एक नंबर तळाला. छत्रीवाला भिंतीवर आहे. दिवेलागणीला त्याच्यासमोरून निरांजन फिरवताना मी त्याला रोज सांगते, चाल बाबा, वाट मोठी आहे, भात निवायच्या आत पोच.