छबूचं पोट

दोन वर्षांच्या लेकीला मी लांडग्याचं भ्या घातलं. घरात शी केलीस तर नेईल म्हणालो. त्याच आठवड्यात आमचं करडू लांडग्यानं नेलेलं. छबूनं शी करणंच सोडलं.

आजही एरंडेलाचा वास आला की चौथ्या दिवशीचं तिचं पोट हाताला लागतं, ढोलकीसारखं ताठ. दवाखाना परभणीला, बैलगाडीनं दिवसभराची वाट. रझाकारांना न भ्यालेला मी त्या पोटाला भ्यालो.

माझ्या आत्यानं विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून तिच्या शीच्या जागी लावला आणि छबूला माझ्या पावलांवर बसवलं. मी डोळे मिटले. कितीतरी वेळानं पावलं ऊन झाली आणि मी हमसून रडलो.

आत्या म्हणाली, "रडायलास काय? पोरीची घाण राखेनं झाकते. तुझ्या तोंडची रे कशानं झाकू?"