दोन बोटं उंच लिहिलेलं गाव

विमानतळापासून अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावापर्यंत नुसता बर्फ. झाडं, छपरं, कुंपणं, सगळं मऊ आणि मुकं. सातपुड्यातल्या पाड्यांवर (डोंगरातल्या वस्त्यांवर) वीस वर्षं मुलांची उंची मोजणारी मी अंगणवाडी पर्यवेक्षिका. स्वप्नात असल्यासारखी बघत राहिले. गाडी रिया चालवत होती. ती इथंच जन्मलेली, माझ्या नोंदींवर विद्यापीठात संशोधन करणारी; तिनंच मला बोलावलं होतं. तिनं दिलेल्या मिटनमध्ये (बोटं वेगळी नसलेल्या हातमोज्यात) मला साधी पर्स उघडता येईना.

संध्याकाळी तिच्या आईनं, शैलाताईंनी, पिठलं-भाकरी केली आणि वाढत उभ्याच राहिल्या.

"बसा ना तुम्हीही."

"माझं काय, मी नंतर."

सातासमुद्रापार येऊनही बाईचं पान शेवटचंच! आमच्याकडे तर गरोदर बाईसुद्धा उरलंसुरलं खाते. बाळाचं खुजेपण तिथूनच सुरू होतं. मग गढूळ पाणी, सततचे जुलाब, पातळ पेज. पहिल्या दोन वर्षांत हुकलेली उंची सहसा भरून येत नाही. मी शैलाताईंना हाताला धरून शेजारी बसवलं.

सकाळी बसनं विद्यापीठात गेलो. रियाच्या संगणकाच्या पडद्यावर ठिपकेच ठिपके होते, एकेका गावाचा एकेक.

"मावशी, हा आंबापाडा बघा ना. बाकी सगळीकडे मुलं खुजी, इथंच नाहीत. व्हॉट डिड यू डू? आता इथल्या अंगणवाडीची अंडी दुसऱ्या गावांना शिफ्ट करा, असं रिपोर्टमध्ये लिहितेय."

आंबापाड्यात मी काहीच केलं नव्हतं. खुज्या बाळाचा आकडा लाल शाईनं लिहायचा असतो. मोजायच्या फळीवर बाळ रडायचं, आई विनवायची, "ताई, लाल नका लिहू, सासू मलाच बोलते." मग मी दोन बोटं जास्त लिहायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीत मुलांची अंडी अडकली होती. मला स्वतःची लाज वाटली. मी रियाला सगळं सांगितलं.

तिनं रिपोर्टची फाइल बंद केली.

"ओके मावशी. रिपोर्ट होल्ड करते. तुम्ही परत मोजाल?"

"मोजेन."

परतल्यावर आंबापाड्यात पहिली फळीवर आली ती दीड वर्षाची झुंबरी. होता तोच आकडा लिहिला. लाल. तिच्या आईनं मान खाली घातली. ती पुन्हा गरोदर होती. इतकी वर्षं मी आकड्यावर दया केली, आईवर नाही. मी तिच्याबरोबर घरी गेले, चुलीजवळ तिचं ताट वाढलं, त्यात अंगणवाडीतलं अंडं ठेवलं आणि तिच्या सासूला म्हटलं, "आजी, आधी हिनं जेवायचं. आपण दोघी नंतर."

तिचं ताट रिकामं होईपर्यंत मी जागची हलले नाही.